मास्कमध्ये पाणी शिरले तर? स्कूबाला जाण्याआधी अंगी लावायच्या सवयी

दिवाळीची सुट्टी लागली की मालवण-तारकर्ली, गोव्याचे ग्रँड आयलंड, मुरुडेश्वरजवळचे नेत्राणी बेट आणि अंदमानातले हॅवलॉक, म्हणजे आताचे स्वराज द्वीप, या सगळीकडे स्कूबा करायला आलेली मराठी कुटुंबे दिसू लागतात. बुकिंग करताना बहुतेकांची चौकशी दोन प्रश्नांपाशी संपते : पैसे किती, आणि व्हिडिओ त्यातच का? पाण्याखाली मास्कमध्ये पाणी शिरले तर काय करायचे, हे मात्र क्वचितच कुणी विचारतो.

प्रश्न किरकोळ वाटतो खरा. पण नवशिक्याची घाबरगुंडी पुष्कळदा इथूनच सुरू होते. नाकाला पाणी लागते, डोळे चुरचुरतात, समोरचे दिसेनासे होते. माणूस श्वास कोंडतो आणि हातपाय झाडत वर सुटतो. मास्कमधल्या घोटभर पाण्याने कुणाचे काही बिघडत नाही. श्वास कोंडून वर सुटण्याने मात्र जीव जाऊ शकतो. समुद्रात दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. त्यामुळे १० मीटर खोलीवर छातीत भरून घेतलेली हवा पृष्ठभागावर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही, तर फुप्फुसाला इजा होते. त्यासाठी फार खोल जावे लागते असेही नाही. पोहण्याच्या तलावाच्या खोलीवरही हे घडू शकते. म्हणूनच स्कूबाचा पहिला नियम आहे : श्वास कधीही रोखायचा नाही.

हा नियम पाठ करायला एक मिनिट पुरते. घाबरलेल्या क्षणी तो पाळता यावा, यासाठी दोन गोष्टींची सवय लागते : मास्क नीट हाताळण्याची, आणि डाइव्ह कशी करायची हे पाण्यात उतरण्याआधी ठरवण्याची. आयुष्यात एकदाच हौस म्हणून उतरणाऱ्यालाही हे लागू आहे आणि प्रमाणपत्र घेतलेल्या डायव्हरलाही.

मास्क मापाचा हवा

पोहण्याचा गॉगल स्कूबाला चालत नाही. खोल जाताना बाहेरचा दाब वाढतो आणि काचेमागची हवा आकसते. मास्कमध्ये नाकही आत असल्याने नाकातून थोडी हवा सोडून तो दाब सारखा करता येतो. गॉगलमध्ये ती सोय नाही, त्यामुळे तो डोळ्यांना ओढत राहतो. मास्क लावूनही नाकातून हवा सोडायचे विसरले, तर हेच होते. वर आल्यावर डोळ्यांचा पांढरा भाग लालभडक दिसतो, कधी गालावर वळ उठतात. बघणारा घाबरतो, पण दुखत नसेल आणि दिसण्यात फरक नसेल तर हा लालपणा साधारण एक ते तीन आठवड्यांत आपोआप जातो. दुखत असेल किंवा अंधूक दिसत असेल, तर नेत्रतज्ज्ञाला दाखवावे.

माप पाहण्याची रीत सोपी आहे. पट्टा डोक्यामागे न लावता मास्क नुसता चेहऱ्यावर टेकवायचा आणि नाकाने हळूच श्वास आत ओढायचा. हात सोडल्यावरही मास्क चिकटून राहिला तर तो तुमच्या चेहऱ्याचा. निसटला, तर पट्टा कितीही आवळा, पाणी शिरणारच. उलट फार आवळल्याने सिलिकॉनची कड वाकडी होते आणि गळती वाढते. कडेखाली केसांची एक बट अडकली तरी पाणी झिरपते, म्हणून कपाळावरचे केस मागे सारून मगच मास्क चढवावा. मिश्यांचा प्रश्न आपल्याकडे वारंवार येतो. सगळ्या काढायची गरज नाही. नाकाच्या लगेच खालची बारीक पट्टी कातरली तरी कड नीट बसते. मिश्यांना व्हॅसलीन फासण्याचा सल्ला कुणी देईल, तो मानू नका. पेट्रोलियम जेलीने रबर आणि सिलिकॉन खराब होते.

चष्मा लावून मास्क घालता येत नाही, कारण चष्म्याच्या काड्या कडेखाली येतात. नंबरच्या काचांचे मास्क मिळतात, काही केंद्रांवर भाड्यानेही; बुकिंगच्या वेळीच विचारावे. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स चालतात, मात्र मास्कमध्ये पाणी शिरताच डोळे मिटून घ्यावेत, नाहीतर लेन्स वाहून जाते. मुलांना मोठ्यांचा मास्क आवळून घालू नये. लहान चेहऱ्याचे मास्क वेगळे असतात.

नवा मास्क विकत घेतला असेल, तर काचेच्या आतल्या बाजूला कारखान्यातून आलेला सिलिकॉनचा पातळ थर असतो. तो असेपर्यंत काचेवर वाफ धरणारच. साधी पांढरी टूथपेस्ट बोटाने काचेवर दोन-तीन वेळा चोळून धुतली की हा थर निघतो.

बोटीवरची रीतभात

मास्क कपाळावर चढवून ठेवायचा नाही. फोटोत तो रुबाबदार दिसतो, पण डायव्हिंगच्या जगात कपाळावरचा मास्क ही संकटात सापडलेल्या माणसाची जुनी खूण आहे. शिवाय एक लाट आली की तो पाण्यात जातो. पृष्ठभागावर थांबायचे असेल तर मास्क डोळ्यांवरच ठेवा, किंवा गळ्यात उतरवून घ्या. बोटीवर काच खाली करून तो ठेवू नका, बाकड्यावर मोकळा सोडू नका आणि सिलिंडरजवळ तर मुळीच नको. बोट कलंडली की पंधरा किलोंचा सिलिंडर सरळ काचेवर येतो. बोटीवर जागा कमी असते. आपले सामान आपल्या पायाशी, एका पिशवीत ठेवणे ही इतरांशी वागण्याचीही रीत आहे.

वाफ धरू नये म्हणून काचेवर थुंकी चोळण्याची प्रथा सगळीकडे आहे आणि ती उपयोगीही पडते. पण ती स्वतःच्या मास्कपुरती. भाड्याचा मास्क आधी दुसऱ्याच्या तोंडावर होता आणि नंतर तिसऱ्याच्या असणार आहे. त्यासाठी पाण्यात पातळ केलेल्या बेबी शॅम्पूची छोटी बाटली जवळ ठेवावी. एक थेंब चोळायचा आणि हलकेच विसळायचे. शॅम्पू पूर्ण धुऊन काढला तर उपयोग नाही, आणि भरपूर ठेवला तर डोळे झोंबतात. विसळण्यासाठी बोटीवर बहुधा दोन बादल्या असतात : एक मास्कची, एक कॅमेऱ्यांची. कॅमेऱ्याच्या बादलीत मास्क बुडवणे हा असभ्यपणा समजला जातो, कारण थुंकी, शॅम्पू आणि वाळू लेन्सवर बसते. भाड्याचा मास्क निर्जंतुक केलेला आहे का, हे विचारण्यात संकोच नको.

निघण्यापूर्वी चेहऱ्याला सनस्क्रीन थापणे, केसांना तेल लावणे आणि डोळ्यांत काजळ घालणे टाळावे. पाण्यात हे सगळे ओघळून डोळ्यांत उतरते आणि मास्कची कड घसरते. नथ, लोंबते कानातले आणि मंगळसूत्र मुक्कामाच्या खोलीतच ठेवून यावे. पट्ट्यांत अडकून तुटण्याचा किंवा हरवण्याचा धोका असतो.

दुसऱ्याच्या सामानाला, विशेषतः सिलिंडरच्या झडपेला, न विचारता हात लावू नये. मदत म्हणून दिलेला एक चुकीचा पीळ समोरच्याची हवा बंद करू शकतो. आणि पाण्यात उडी घेताना, पाठीमागे कलंडून असो वा पाऊल टाकून, एका तळव्याने तोंडातला हवा पुरवणारा रेग्युलेटर आणि बोटांनी मास्क घट्ट धरायचा. पाण्यात पडताक्षणी मास्क गमावणाऱ्यांनी बहुधा हेच केलेले नसते.

पाणी शिरले, आता काय?

कृती अशी : थांबा. तोंडाने श्वास चालू ठेवा. मास्कची वरची कड बोटांनी कपाळावर दाबून धरा, मान किंचित वर करा आणि नाकातून सावकाश, सलग उच्छ्वास सोडा. आत आलेली हवा पाण्याला खालच्या कडेने बाहेर ढकलते. एका दमात जमले नाही, तर तोंडाने पुन्हा श्वास घ्या आणि परत करा.

अवघड भाग हाताचा नाही, नाकाचा आहे. नाक पाण्यात असताना तोंडाने शांतपणे श्वास घेणे शरीराला नैसर्गिक वाटत नाही. याचा सराव घरीही करता येतो : तोंडात स्नॉर्केल धरून, मास्कशिवाय, बादलीतल्या पाण्यात नाकापर्यंत चेहरा बुडवायचा आणि दोन मिनिटे तोंडानेच श्वास घ्यायचा. सोबत कुणीतरी मोठे माणूस असावे. मग उथळ पाण्यात, उभे राहता येईल इतक्या खोलीत, मास्क अर्धा भरून घेऊन रिकामा करावा. ते जमले की पूर्ण भरून. प्रमाणपत्राच्या अभ्यासक्रमात मास्क पूर्ण काढून परत घालणे शिकावेच लागते. एकदाच्या हौशी डाइव्हमध्ये निदान अर्ध्या मास्कचा सराव करून घ्या, अशी मागणी स्वतःहून करावी. आधीच्या माणसाला वर काढून लगेच तुम्हाला खाली नेण्याची ट्रेनरला घाई असेल, तर ती घाई तुमची नाही.

दुसऱ्याचा मास्क निघालेला दिसला, तर आधी त्याचा दंड धरा. त्याला दिसत नाही, त्यामुळे स्पर्श हाच धीर. मास्क सापडला तर काच पुढे, कड त्याच्या चेहऱ्याकडे अशा तऱ्हेने हातात द्या. स्वतः त्याच्या डोक्यावर चढवायला जाऊ नका.

कानांचेही याच जोडीने बघावे. हवेच्या आकारमानातला सर्वांत मोठा फरक पहिल्या १० मीटरमध्येच पडतो. नाक चिमटीत धरून हलकी फुंकर मारायची, आणि तीही दुखायला लागण्याआधी, दर मीटरभराला. कान मोकळा होत नसेल तर थोडे वर या, पुन्हा प्रयत्न करा. जोर लावू नका. सर्दी झाली असेल तर त्या दिवशी डाइव्ह नाही. औषधाने नाक मोकळे करून उतरलेल्याच्या औषधाचा परिणाम पाण्याखाली ओसरला, तर वर येताना हवा कानात किंवा सायनसमध्ये अडकते, आणि तेव्हा वर येण्यावाचून इलाज नसतो.

आराखडा बोटीवरच ठरतो

चांगली डाइव्ह म्हणजे ठरवले तेवढेच करून आलेली डाइव्ह. उतरण्याआधी पाच गोष्टी प्रत्येकाला माहीत हव्यात : जास्तीत जास्त किती खोल, किती वेळ, हवेचा काटा कुठे आला की परत फिरायचे, प्रवाह कोणत्या दिशेने वाहतो आहे, आणि जोडीदार दिसेनासा झाला तर काय करायचे. यातली एकही गोष्ट ट्रेनरने सांगितली नाही, तर विचारा.

खोलीची मर्यादा शिक्षणाप्रमाणे असते. प्रमाणपत्र नसलेल्याने १२ मीटरच्या खाली जाऊ नये. ओपन वॉटर हा पहिला अभ्यासक्रम झालेल्याची मर्यादा १८ मीटर, त्यापुढचा अभ्यासक्रम केलेल्याची ३० मीटर. मौजेच्या डायव्हिंगची शेवटची हद्द ४० मीटर. समोर कासव खाली जाताना दिसले म्हणून ही हद्द सरकत नाही.

हवेचा हिशेब प्रत्येकाला मांडता यायला हवा. आधी एक गैरसमज काढू : सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नसतो, आपण श्वासात घेतो तीच साधी हवा दाबून भरलेली असते. १२ लिटरचा सिलिंडर २०० बार दाबापर्यंत भरला की त्यात सुमारे २,४०० लिटर हवा असते. ५० बार, म्हणजे ६०० लिटर, राखीव. उरली १,८०० लिटर. पृष्ठभागावर एक माणूस मिनिटाला २० लिटर हवा वापरतो असे धरले, तर १० मीटरवर तो दुप्पट, ४० लिटर वापरतो, आणि २० मीटरवर तिप्पट, ६० लिटर. म्हणजे तीच हवा १० मीटरवर ४५ मिनिटे पुरते आणि २० मीटरवर फक्त ३०. घाबरलेला किंवा हातपाय मारणारा माणूस याहून कितीतरी जास्त हवा संपवतो.

परत त्याच जागी यायचे असेल तर निम्मी हवा परतीची. २०० ते ५० म्हणजे १५० बार. त्यातले ७५ गेले, काटा १२५ वर आला की फिरायचे. दोघांपैकी ज्याचा काटा आधी तिथे पोहोचेल त्याच्या हिशेबाने दोघांनी परतायचे. जाताना प्रवाहाच्या विरुद्ध जावे, म्हणजे दमल्यावर येताना तो मदत करतो. दिवसात दोन डाइव्ह असतील तर खोल आधी, उथळ नंतर.

उतरण्याआधी जोडीदाराची तपासणी करायची, तीही नेहमी एकाच क्रमाने : जॅकेटमध्ये हवा भरते आणि सुटते का, वजनाचा पट्टा आहे का आणि एका हाताने सुटतो का, बकले कुठे आहेत, झडप पूर्ण उघडी आहे का. रेग्युलेटरमधून चार श्वास घेताना काट्याकडे बघा. श्वासागणिक काटा हलत असेल तर झडप नीट उघडलेली नाही.

खुणा आणि जोडीदार

अंगठा वर केला की वरच्या जगात 'झकास'; पाण्याखाली त्याचा अर्थ 'वर चला'. व्हिडिओसाठी हौसेने अंगठा दाखवणाऱ्यांना ट्रेनर वर घेऊन येतो, त्यात त्याची चूक नसते. ठीक असल्याची खूण म्हणजे अंगठा आणि तर्जनी जोडून केलेले वर्तुळ. पंजा आडवा धरून हलवला की 'काहीतरी गडबड आहे', आणि लगेच बोट कानाकडे किंवा मास्ककडे न्यायचे. गळ्यासमोरून हात आडवा फिरवला की 'हवा संपली'. एवढ्या चार खुणा पाण्याबाहेर करून बघितल्याशिवाय उतरू नये.

जोडीदार हाताच्या अंतरावर असावा. दृश्यता पाच-सात मीटरच असते अशा आपल्या किनाऱ्यावर तर हे अधिकच खरे. तो दिसला नाही, तर एक मिनिट आजूबाजूला शोधायचे आणि सावकाश वर यायचे. तोही तेच करतो, आणि दोघे पृष्ठभागावर भेटतात. कोकणात मासेमारीची जाळी आणि तुटलेल्या दोऱ्या खडकांत अडकलेल्या असतात. जाळ्यात अडकल्यास वळवळू नका, थांबा आणि जोडीदाराला खूण करा. प्रमाणपत्र असलेल्यांनी दोरी कापण्याचे छोटे अवजार जवळ बाळगावे.

खालच्या जगाशीही वागण्याची रीत आहे. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. प्रवाळाला हात लावायचा नाही, त्यावर उभे राहायचे नाही. व्हिडिओत मासे यावेत म्हणून पाव किंवा बिस्किटे खाऊ घालण्याला ठाम नकार द्यावा.

वर येताना आणि नंतर

खोलीवर श्वासातला नायट्रोजन शरीरात विरघळतो. सावकाश वर आलो तर तो फुप्फुसांवाटे निघून जातो; घाईने आलो तर रक्तात आणि सांध्यांत त्याचे बुडबुडे होतात. मिनिटाला ९ मीटरपेक्षा वेगाने वर येऊ नये, आणि ५ मीटरवर ३ मिनिटे थांबावे. वर येताना एक हात डोक्यावर उंच करून वर बघावे, कान उघडे ठेवावेत. बोटीचा पंखा दिसण्याआधी ऐकू येतो.

एका डाइव्हनंतर १२ तास आणि एकाहून अधिक डाइव्हनंतर १८ तास विमानात बसायचे नाही. गोव्यातल्या दाबोळी किंवा मोपा विमानतळावरून संध्याकाळचे तिकीट काढलेले असेल तर सकाळची डाइव्ह घेऊ नये. आपल्याकडे आणखी एक पथ्य हवे, ते घाटाचे. मालवणहून आंबोलीमार्गे परतणारी गाडी काही तासांत समुद्रसपाटीवरून सुमारे ७०० मीटर उंचीवर जाते. शरीराच्या दृष्टीने हीही दाब कमी होण्याचीच वेळ. डाइव्ह सहलीच्या पहिल्या दिवशी ठेवा, किल्ला आणि बाजार दुसऱ्या दिवशी.

वर आल्यानंतर काही तासांत सांधे दुखू लागले, मुंग्या आल्या, अंगावर चट्टे उठले, चक्कर आली, हातपाय जड वाटले किंवा असाधारण थकवा आला, तर 'उन्हाचे असेल' म्हणून झोपू नका. माणसाला आडवे निजवा, शुद्ध ऑक्सिजन सुरू करा आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की डायव्हिंग केले होते. बरे वाटावे म्हणून पुन्हा पाण्यात उतरणे हा उपाय नाही.

नाही म्हणण्याचा हक्क

दमा, फिट येणे, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण असेल, तर केंद्राच्या फॉर्मवर खरे लिहा आणि आधी डॉक्टरांचा सल्ला घ्या. आदल्या रात्रीची दारू आणि सकाळचे भरपेट मालवणी जेवण, दोन्ही टाळा. आणि यांतले काहीच नसेल, नुसते मनाला बरे वाटत नसेल, तरी थांबा. कोणताही डायव्हर कोणत्याही क्षणी, कारण न देता, डाइव्ह रद्द करू शकतो, हा या खेळातला जगभर मानलेला नियम आहे. ग्रुपमधले हसतील म्हणून भिडेखातर कुणी उतरू नये, आणि थांबणाऱ्याला कुणी चिडवू नये.

बुकिंग करताना चार गोष्टी विचारा : ट्रेनरचे प्रमाणपत्र, एका ट्रेनरमागे किती माणसे, बोटीवर ऑक्सिजनचा संच आहे का, आणि उथळ पाण्यात मास्क रिकामा करण्याचा सराव करून घेतात का. या चारांची सरळ उत्तरे देणाऱ्याकडेच जा. उत्तर टाळणारा निम्म्या पैशांत नेत असेल, तरी त्याच्या बोटीत बसू नका.